कृत्रिम भूकंपलेख आणि खरा हादरा : पडताळणीची प्रस्तावना

भूकंपात एखाद्या जागची जमीन कशी हलेल याचा संगणकावर तयार केलेला आलेख म्हणजे कृत्रिम भूकंपलेख. विभंगावर खडक किती आणि किती वेगाने घसरला, तिथून निघालेल्या लहरी कोणत्या खडकांतून आल्या, वाटेत त्यांचा जोर किती ओसरला आणि शेवटच्या काही मीटर मातीने त्यांचे काय केले, हे सगळे गणितात बसवून जमिनीचे त्वरण क्षणाक्षणाला काढले जाते. अभियंत्यांचे अशा लेखावाचून अडते. धरण, पूल, पाण्याची टाकी वा बहुमजली इमारत हादऱ्यात तगेल का हे तपासायचे तर आधी हादरा हाती हवा, आणि बांधकाम जिथे उभे आहे तिथे मोठ्या भूकंपाची खरी नोंद सहसा नसते. नोंद नाही म्हणून नक्कल करावी लागते. पण नोंदच नसल्यामुळे नक्कल खरी उतरली की नाही हे ठरवणेही अवघड होते. पडताळणीचे शास्त्र या अडचणीतून वाट काढण्यासाठी उभे राहिले आहे.

महाराष्ट्रात ही अडचण फार ठळकपणे दिसते. दख्खनच्या काळ्या कातळावर गेल्या साठ वर्षांत दोन विनाशकारी भूकंप झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा. पहिल्याची नोंद अगदी जवळून मिळाली आणि ती जगभर अभ्यासली गेली. दुसऱ्यात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, पण मुख्य धक्क्याच्या वेळी तिथली जमीन किती आणि कशी हलली हे सांगणारे एकही यंत्र जवळपास नव्हते. या पठारावरील कोणत्याही गावासाठी, मग ते लातूरकडचे असो की प्रवरेकाठचे नेवासे, कृत्रिम भूकंपलेख तयार करणाऱ्याला या दोन घटनांच्या आधारानेच पुढे जावे लागते. त्यांपैकी एकीची यंत्रनोंद हाती आहे, दुसरीचे फक्त पडलेले वाडे आणि उरलेल्या माणसांच्या आठवणी.

कोयनेची नोंद धरणाच्या पोटातल्या गॅलरीत बसवलेल्या त्वरणलेखकाने घेतली. भूकंपाची महत्ता ६.३ च्या आसपास होती. धरणाच्या लांबीच्या दिशेने कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट आले. धरणाचा आराखडा ज्या भूकंप-गुणांकावर केला होता तो अवघा ०.०५ होता. १०३ मीटर उंचीचे हे धरण उभे राहिले, पण सांडव्याबाहेरच्या खंडांना मागच्या उताराचा कोन जिथे बदलतो त्या पातळीजवळ आडव्या भेगा पडल्या. पुढे मागच्या बाजूने टेकू देऊन ते खंड भक्कम करण्यात आले. भेगा नेमक्या कुठे पडल्या हे ठाऊक आणि ज्या हादऱ्याने पडल्या त्याची नोंदही उपलब्ध, असा योग जगात क्वचितच जुळून येतो. १९७० च्या दशकात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदीवर धरणाचे विश्लेषण केले. तेव्हापासून धरण-विश्लेषणाची नवी संगणकीय पद्धत निघाली की ती आधी कोयनेच्या भेगांवर तपासली जाते.

याच नोंदीवरून पडताळणीतली पहिली दक्षता शिकता येते: खरी नोंद म्हणजे निर्भेळ सत्य नव्हे. कोयनेचे यंत्र मोकळ्या जमिनीवर नव्हते, धरणात होते. त्याने टिपलेल्या हालचालीत खडकाची थरथर आहे, तसाच धरणाच्या प्रचंड वजनाचा आणि पाया व धरण यांच्या परस्परक्रियेचा काही वाटा आहे. उघड्या कातळासाठी काढलेली कृत्रिम नोंद तिच्यावर ठेवून फरक मोजला, तर त्या फरकात गणिताची चूक किती आणि जागेचा फरक किती हे वेगळे काढता येत नाही. त्या काळची यंत्रे फिल्मवर रेषा उमटवत. रेषा हाताने वाचून आकडे करावे लागत आणि त्या वाचनातल्या बारीक चुका दोनदा संकलन केल्यावर जमिनीच्या विस्थापनात कितीतरी मोठ्या होऊन दिसत. यंत्र बहुधा हादरा सुरू झाल्यावर जागे होई, त्यामुळे पहिल्या प्राथमिक लहरींचा आरंभ हातचा जाई. म्हणून कोणतीही तुलना करण्याआधी खऱ्या नोंदीचा विश्वासार्ह कंप्रता-पट्टा ठरवावा लागतो, आणि खऱ्या व कृत्रिम दोन्ही लेखांना तीच गाळणी लावावी लागते. साधी वाटणारी ही पायरी गाळली की पुढचे सगळे गुण आणि टक्के निरर्थक ठरतात.

काय तपासायचे हे कृत्रिम लेख कसा बनला यावरही अवलंबून असते. सर्वांत प्रचलित पद्धत यादृच्छिक आहे. १९७० साली जेम्स ब्रून यांनी भूकंपस्रोतातून निघणाऱ्या लहरींच्या वर्णपटाचे सोपे प्रतिमान मांडले: एका कोपरा-कंप्रतेच्या अलीकडे विस्थापनाचा वर्णपट सपाट, तिच्या पलीकडे कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात उतरता. १९८३ साली डेव्हिड बूर यांनी या वर्णपटाला अंतरामुळे होणारी घट, खडकात शोषली जाणारी ऊर्जा आणि पृष्ठभागाजवळची वाढ जोडली, आणि यादृच्छिक गोंगाटाला त्या साच्यात बसवून त्वरणाचे लेख काढून दाखवले. नंतर मोठ्या विभंगाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाचा हादरा योग्य उशिराने एकत्र करण्याच्या पद्धती आल्या. १९७८ साली स्टीफन हार्टझेल यांनी वेगळी वाट काढली. मोठ्या भूकंपानंतरच्या लहान धक्क्यांच्या खऱ्या नोंदी विटांसारख्या रचून त्यांनी मोठ्या धक्क्याची नोंद उभी केली. तिसरा मार्ग पूर्ण भौतिकीचा. जमिनीखालच्या थरांचे त्रिमितीय चित्र संगणकात भरून लहरींचे समीकरण थेट सोडवायचे. त्यासाठी थरांची बारीक माहिती लागते, आणि ती साधारण एका हर्ट्झच्या वर पुरेशी मिळत नाही. म्हणून कमी कंप्रता भौतिकीने आणि जास्त कंप्रता यादृच्छिक रीतीने काढून दोन्ही जोडण्याची संमिश्र पद्धत मोठ्या प्रकल्पांत वापरली जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यादृच्छिक पद्धतीने काढलेल्या लेखातला एकेक चढउतार खऱ्या लेखातल्या चढउताराशी जुळावा अशी अपेक्षाच चुकीची आहे, कारण तिथे लहरींच्या कला मुद्दामच यादृच्छिक घेतलेल्या असतात. अशा लेखाची परीक्षा त्याच्या सांख्यिकी गुणधर्मांवर होते. कमी कंप्रतेच्या भौतिकी लेखाची गोष्ट निराळी. तिथे लहर केव्हा आली, कोणत्या दिशेने पहिली हलली, तिचा आकार कसा होता हे जुळायला हवे, आणि जुळत नसेल तर विभंगाचे किंवा थरांचे चित्र चुकले आहे असे म्हणता येते. एकच मोजपट्टी दोघांना लावणे अन्यायाचे होते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यातून काही शिकायला मिळत नाही.

दोन लेख एकमेकांवर छापून ‘चांगले जुळतात’ असे खाली लिहिण्याची सवय या क्षेत्रात दीर्घकाळ होती. अजूनही ती पुरती गेलेली नाही, आणि तिने नुकसान फार केले आहे. डोळा मोठ्या शिखराकडे जातो, तर इमारतीला लागतो तो तिच्या आवर्तकालाजवळचा जोर आणि हादऱ्याची लांबी. नेवादा विद्यापीठातले जॉन अँडरसन यांनी २००४ साली व्हँकूव्हरच्या जागतिक भूकंप अभियांत्रिकी परिषदेत या नजरेच्या न्यायाला आकड्यांचा पर्याय दिला. दोन्ही लेख वेगवेगळ्या कंप्रता-पट्ट्यांत गाळायचे आणि प्रत्येक पट्ट्यात दहा गोष्टींची तुलना करायची. कमाल त्वरण, कमाल वेग, कमाल विस्थापन, एरियस तीव्रता, ऊर्जेचे संकलन, त्या दोन्हींवरून काढलेले हादऱ्याचे कालावधी, प्रतिसाद वर्णपट, फूरिये वर्णपट आणि दोन लेखांचा परस्परसंबंध अशा त्या दहा गोष्टी. प्रत्येकीला दहापैकी गुण मिळतात. चारच्या खाली गुण म्हणजे जुळणी वाईट, चार ते सहा बरी, सहा ते आठ चांगली, आठच्या वर उत्तम.

यांतल्या काही राशी थोड्या उलगडून सांगायला हव्यात. एरियस तीव्रता म्हणजे त्वरणाच्या वर्गाचे सगळ्या हादऱ्यावर केलेले संकलन, ठरावीक स्थिरांकाने गुणलेले. एका शिखराऐवजी ती सगळ्या हादऱ्याचा हिशेब ठेवते. हे संकलन पाच टक्क्यांपासून पंचाण्णव टक्क्यांपर्यंत पोचायला जितका वेळ लागतो त्याला हादऱ्याचा अर्थपूर्ण कालावधी मानतात. मातीच्या भिंती आणि भेगाळलेली दगडी बांधकामे पहिल्याच फटक्यात कोसळतात असे नाही. हेलकावे लांबले की त्यांचे सांधे सुटत जातात, म्हणून कालावधी चुकलेला लेख शिखर बरोबर असूनही दिशाभूल करतो. प्रतिसाद वर्णपट मात्र अभियंत्याची खरी भाषा. वेगवेगळ्या आवर्तकालाचे आणि बहुधा पाच टक्के अवमंदनाचे एकेक दोलक जमिनीवर ठेवले तर या हादऱ्यात प्रत्येकाला कमाल किती झटका बसेल, हे त्यात वाचता येते.

गुण काढण्याचे सूत्र असे: दोन किमतींतल्या फरकाला त्यांतल्या लहान किमतीने भागायचे, आलेल्या संख्येचा वर्ग करायचा, आणि त्या वर्गाच्या ऋण घातांकी किमतीला दहाने गुणायचे. कृत्रिम किंमत खऱ्याच्या दीडपट असेल तर गुण ७.८ येतात. दुप्पट असेल तर ३.७, म्हणजे थेट नापास. ही कठोरता एका ठिकाणच्या एका लेखासाठी कामाची आहे, पण तिच्यामागे एक मोठा प्रश्न उरतो. एकाच भूकंपात, केंद्रापासून सारख्याच अंतरावर, सारख्याच वर्गाच्या जमिनीवर बसवलेल्या दोन खऱ्या यंत्रांच्या नोंदींतही दुपटीचा फरक सर्रास आढळतो. हजारो नोंदींवरून बसवलेल्या अनुमान-सूत्रांत नैसर्गिक लॉगॅरिदममधले प्रमाणविचलन ०.६ ते ०.७ च्या घरात असते, आणि त्याचा अर्थ नेमका एवढाच. निसर्ग स्वतःशीच ज्या मर्यादेत जुळतो त्याहून अधिक जुळणी संगणकाकडून मागणे योग्य नाही. तशी जुळणी दिसलीच, तर एका नोंदीसाठी आकडे वळवून घेतले गेल्याची शंका आधी यावी.

म्हणून अनेक ठिकाणांवरचा एकत्रित हिशेब एका ठिकाणच्या गुणांपेक्षा जास्त बोलका असतो. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक आवर्तकालासाठी खऱ्या आणि कृत्रिम किमतीच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेतला की त्याला अवशेष म्हणतात. सगळ्या ठिकाणांची सरासरी शून्याजवळ असेल तर नकलेत कल नाही. विखुरणी खऱ्या नोंदींइतकीच असेल तर नक्कल निसर्गाइतकीच चंचल आहे, आणि तसेच असायला हवे. विखुरणी फार कमी निघाली तर नकलेने निसर्गातली विविधता गमावली आहे. पण सगळ्यांत उपयोगी माहिती अवशेषांच्या उतारात मिळते. अंतर वाढेल तसे अवशेष वर जाऊ लागले, तर प्रतिमानात खडकातली ऊर्जाघट जास्त धरली गेली आहे. फक्त लहान आवर्तकालांत ते बिघडले, तर विभंगावरचा ताणउतार किंवा पृष्ठभागाजवळची उच्च-कंप्रता गाळणी चुकली आहे. कातळावर ठीक आणि गाळावर वर, असे दिसले तर दोष मातीच्या प्रतिमानाचा. जुळणी चांगली की वाईट या उत्तरापेक्षा कुठे आणि का बिघडली हे उत्तर कितीतरी मोलाचे आहे, आणि पडताळणीचा खरा लाभ तोच.

दक्षिण कॅलिफोर्निया भूकंप केंद्राने आपल्या संगणकीय मंचावर हाच मार्ग धरला. १९८९ चा लोमा प्रिएटा, १९९२ चा लँडर्स, १९९४ चा नॉर्थरिज अशा नोंदींनी समृद्ध भूकंपांवर अनेक गटांच्या पद्धती एकाच नियमाने तपासल्या गेल्या आणि २०१५ साली त्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. तिथे एकेका भूकंपाच्या पुष्कळ नोंदी आहेत, म्हणून सरासरी, उतार आणि विखुरणी या तिन्ही गोष्टी काढता येतात. दख्खनमध्ये तशी चैन नाही. कोयनेच्या मोठ्या धक्क्याची जवळची एकच नोंद असल्याने तिच्यावर एक प्रतिमान जुळवता येते तसे दहाही जुळवता येतात. खोली थोडी वाढवावी, ताणउतार थोडा चढवावा, की तोच आलेख निघतो. एका नोंदीशी जुळला म्हणून एखाद्या प्रतिमानाला सिद्ध म्हणणे म्हणूनच अकाली असते.

या तुटवड्यावर भारतात निघालेली वाट अभ्यासण्यासारखी आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले आर. एन. अय्यंगार आणि एस. टी. जी. रघुकांत यांनी २००४ साली द्वीपकल्पीय भारतासाठी अनुमान-सूत्र मांडले. नोंदी पुरेशा नसल्याने त्यांनी यादृच्छिक पद्धतीने कृत्रिम नोंदींचा मोठा संच तयार केला आणि त्यावरून सूत्र बसवले. कोयना-वारणा, दक्षिण भारत आणि पश्चिम-मध्य भारत यांसाठी ऊर्जाघट वेगवेगळी धरली, आणि निष्कर्ष उपलब्ध नोंदींवर तपासून पाहिले. इथे सूत्राचा पायाच कृत्रिम आहे, त्यामुळे पडताळणीचा भार मूठभर खऱ्या नोंदींवर पडतो. पुढे द्वीपकल्पासाठी धोका-नकाशे करताना हीच विचारसरणी वापरली गेली. या नकाशांवरून आराखडे करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. दोष नकाशे करणाऱ्यांचा नाही. त्यांच्याजवळ होते तेवढ्यातून त्यांनी प्रामाणिक काम उभे केले.

किल्लारीत खरी नोंद नव्हती, तरी पुरावा अगदीच नव्हता असे नाही. ६.२ महत्तेचा हा भूकंप फार उथळ होता. जमिनीच्या पृष्ठावर सुमारे एक किलोमीटर लांबीची फूट दिसली, आणि तीव्रतेच्या मापनश्रेणीवर सर्वाधिक नुकसान आठव्या-नवव्या पायरीपर्यंत गेले. त्या वेळच्या भूकंपक्षेत्र-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह अनेकांनी तिथे यंत्रे नेली आणि पश्चात धक्के टिपले. किल्लारीजवळच्या विंधनविवरात बसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली, तिच्याखाली पातळ गाळथर आणि त्याखाली ग्रॅनाइटी पट्टिताश्म लागला. एवढ्यावर मुख्य धक्क्याची नक्कल तीन बाजूंनी तपासता येते. पश्चात धक्क्यांच्या नोंदींवरून मार्गातली घट आणि मातीची वाढ ठरते. लहान नोंदी रचून मोठी उभारता येते. आणि आलेली हालचाल प्रत्यक्ष पडझडीच्या नकाशाशी ताडता येते. तिसरी बाजू सर्वांत कच्ची आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर टनावारी मातीचे धाबे अशी घरे माफक हादऱ्यातही पडतात. त्यामुळे ‘गाव भुईसपाट झाले’ या नोंदीवरून त्वरण ०.२ होते की ०.५ हे निश्चित करता येत नाही. घर आधीच कमकुवत असेल तर त्याचे पडणे घराविषयी जास्त सांगते, जमिनीविषयी कमी.

यंत्राशिवायच्या आणि यंत्राच्या पुराव्यामधली एक मोलाची चीज २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कामी आली. रुरकीत विकसित झालेले संरचना-प्रतिसाद लेखक हे अत्यंत साधे उपकरण आहे. त्यात तीन ठरावीक आवर्तकालांचे, म्हणजे ०.४, ०.७५ आणि १.२५ सेकंदांचे, दोन वेगवेगळ्या अवमंदनांचे मिळून सहा दोलक असतात. हादऱ्यात प्रत्येक दोलक काजळी धरलेल्या काचेवर ओरखडा उठवतो. वेळेचा आलेख मिळत नाही, पण ओरखड्याच्या लांबीवरून त्या आवर्तकालाचा प्रतिसाद थेट कळतो, आणि अभियंत्याला शेवटी तोच हवा असतो. या भूकंपाची पूर्ण त्वरणनोंद अहमदाबादच्या पासपोर्ट कार्यालयाच्या इमारतीत मिळाली, अपिकेंद्रापासून सुमारे २४० किलोमीटरवर. तळमजल्यावरचे कमाल त्वरण ०.११ च्या घरात. जवळच्या ठिकाणांसाठी ओरखडेच हाती होते आणि कृत्रिम लेख त्यांच्यावर तपासता आले. पडताळणीला दर वेळी महागडे यंत्रच लागते असे नाही. जे मोजले ते नेमके काय मोजले हे ठाऊक असणे त्याहून महत्त्वाचे.

अहमदाबादची ती नोंद नेवाशासारख्या जागेच्या विचारात आवर्जून आणावी लागते. नेवाशापासून कोयना सरळ रेषेत सुमारे २७० किलोमीटर आणि किल्लारी सुमारे २३५ किलोमीटर. एवढे अंतर पाहून इथे काही होणार नाही असे वाटणे साहजिक आहे. कोयना-किल्लारीएवढ्या महत्तेच्या भूकंपाबाबत ते बव्हंशी खरेही असेल. पण साबरमतीच्या गाळावर वसलेल्या अहमदाबादेत तितक्याच अंतरावर बहुमजली इमारती कोसळल्या, कारण भूकंप ७.७ महत्तेचा होता, लांब आवर्तकालाच्या लहरी दूरवर टिकल्या आणि खोल गाळाने त्या वाढवल्या. अंतर, महत्ता आणि माती यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो. नेवाशासाठी काढलेल्या कोणत्याही कृत्रिम लेखाची पहिली कसोटी दूरच्या मोठ्या भूकंपाचा लांब आवर्तकालाचा भाग आणि जवळच्या मध्यम भूकंपाचा लहान आवर्तकालाचा भाग, दोन्ही वेगवेगळे तपासणारी असायला हवी.

नेवाशाची जमीन या कामी विलक्षण शिकवणारी आहे. गाव प्रवरेच्या दोन्ही काठांवर आहे, खुर्द एकीकडे आणि बुद्रुक पलीकडे, आणि पुढे प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते. नदीने इथे बसाल्टवर गोट्यांचे, वाळूचे आणि बारीक गाळाचे थर घातले आहेत, आणि आसपास काळी कापसाची माती. हे थर शास्त्रज्ञांना नवे नाहीत. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया, शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात इथे उत्खनन केले. काठच्या गोटेथरांत सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांमुळे मध्य पुराश्मयुगातल्या एका हत्यार-परंपरेला नेवाशाचेच नाव मिळाले. पुरातत्त्वज्ञांनी थरांचा जो क्रम लावला तो भूकंप-अभियंत्यालाही हवा असतो. फक्त त्याला प्रत्येक थरात कर्तनलहर किती वेगाने जाते हे त्यात भरावे लागते.

ते का, हे छोट्या गणिताने कळते. कठीण खडकावर मऊ थर असला तर त्याचा मूळ आवर्तकाल थराच्या जाडीच्या चौपटीला कर्तनलहरीच्या वेगाने भागून येतो. वीस मीटर गाळ आणि सेकंदाला दोनशे मीटर वेग धरला तर ०.४ सेकंद. साधारण चार मजली इमारतीचा आवर्तकाल याच्याच आसपास असतो. नदीपासून थोडे दूर, जिथे कातळ पाच मीटरवर लागतो, तिथे त्याच वेगाने आवर्तकाल ०.१ सेकंद येतो आणि मार बैठ्या दगडी बांधकामांना बसतो. मोहिनीराजाचे दगडी मंदिर, गावठाणातले जुने वाडे, गोदावरीवरचा हमरस्त्याचा पूल, उंच पाण्याच्या टाक्या आणि भेंडे-सोनईकडच्या साखर कारखान्यांची धुराडी यांचे आवर्तकाल निरनिराळे आहेत. एकाच तालुक्यासाठी ‘जुळणी चांगली’ हा एक शेरा म्हणूनच पुरत नाही. मंदिरासाठी चांगली नक्कल धुराड्यासाठी वाईट असू शकते.

दख्खनच्या कातळाची आणखी एक खोच आहे. लाव्हाचे प्रवाह एकावर एक साचले, आणि दोन प्रवाहांमध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा किंवा कुजलेल्या, छिद्राळ बसाल्टचा मऊ थर आहे. वरचा वेग जास्त आणि खालचा कमी, अशी उलटी रचना त्यातून होते. वरच्या तीस मीटरांतल्या सरासरी वेगावरून जमिनीचा वर्ग ठरवण्याची रूढ पद्धत ही रचना टिपत नाही. कॅलिफोर्नियाच्या दऱ्यांत सिद्ध झालेले प्रतिमान इथे आणून वापरायचे तर आधी ते इथल्या नोंदींवर तपासणे भाग आहे.

अलीकडे पडताळणीचे लक्ष जमिनीवरून बांधकामाकडे सरकले आहे. दोन लेखांचे प्रतिसाद वर्णपट अगदी सारखे असूनही एकाने इमारत लवचीक मर्यादेबाहेर गेली आणि दुसऱ्याने गेली नाही, असे होऊ शकते. म्हणून कार्माइन गलासो आणि सहकाऱ्यांनी खऱ्या व कृत्रिम नोंदी इमारतींच्या प्रतिमानांवर चालवून प्रतिसादांची तुलना केली. लिंडा बर्क्स आणि जॅक बेकर यांनी २०१४ साली तीन खुणा सुचवल्या: वेगवेगळ्या आवर्तकालांवरच्या चढउतारांचा परस्परसंबंध, अस्थितिस्थापक आणि स्थितिस्थापक विस्थापनांचे गुणोत्तर, आणि दोन आडव्या दिशांतला असमतोल. यांतली पहिली खूण फार बोलकी ठरली. खऱ्या नोंदींत शेजारशेजारच्या आवर्तकालांवरचे प्रतिसाद एकत्र वर जातात किंवा एकत्र खाली येतात. पुष्कळ कृत्रिम संचांत हा संबंध खूपच क्षीण आढळला. सरासरी वर्णपट अचूक असूनही अशा संचावरून काढलेला इमारत कोसळण्याचा धोका प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. आकडे सगळे जुळत असताना सुरक्षिततेचा अंदाज चुकावा, ही गोष्ट या विषयात काम करणाऱ्यांची झोप उडवणारी आहे.

प्रतिमान जुळवायला वापरलेल्या नोंदींवरच ते तपासले तर ती परीक्षा होत नाही. जुळवणीची माहिती आणि तपासणीची माहिती वेगळी ठेवावी लागते, आणि सर्वांत कठोर रूप म्हणजे उत्तर झाकून घेतलेली चाचणी. कॅलिफोर्नियात पार्कफिल्डजवळच्या टर्की फ्लॅट या लहान खोऱ्यात १९८० च्या दशकात यंत्रे बसवून ठेवली गेली. २८ सप्टेंबर २००४ रोजी अपेक्षित भूकंप झाला. मग सहभागी गटांना फक्त कातळावरची नोंद देऊन खोऱ्यातल्या मातीवरची हालचाल सांगायला लावले गेले, आणि खरी उत्तरे नंतर उघडली. एका भूकंपासाठी सतरा-अठरा वर्षे थांबण्याची चिकाटी या चाचणीत आहे. कोयना-वारणा परिसरात मात्र इतकी वाट पाहावी लागत नाही; तिथे लहान-मध्यम धक्के वारंवार होतात, आणि कराडच्या केंद्रातून चाललेल्या खोल विंधनाच्या प्रकल्पात २०१७ साली एक प्रायोगिक विवर तीन किलोमीटरपर्यंत गेले. कातळातली खरी घट, खरा वेग आणि खरा ताण यांची माहिती तिथून मिळते, आणि झाकलेल्या उत्तराची चाचणी घ्यायला महाराष्ट्रात यापेक्षा चांगली जागा नाही.

नेवाशासारख्या ठिकाणी याच रीतीची लहान आवृत्ती शक्य आहे. एक त्वरणमापक उघड्या कातळावर, दुसरा काही किलोमीटरवर प्रवरेच्या गाळावर. दोन्ही ठिकाणी एकाच दूरच्या भूकंपाच्या मंद नोंदी मिळाल्या की त्यांच्या वर्णपटांचे गुणोत्तर गाळ कोणत्या आवर्तकालाला किती वाढवतो हे दाखवते. मंद हादऱ्यात माती लवचीक वागते, जोराच्या हादऱ्यात ती सैल पडून आवर्तकाल लांबतो. म्हणून हे गुणोत्तर मोठ्या भूकंपासाठी जसेच्या तसे वापरता येत नाही, पण गाळाचे गणिती प्रतिमान मंद हादऱ्यात तरी खरे उतरते का हे त्यावरून निश्चित होते. त्या प्रतिमानातून नंतर काढलेल्या प्रत्येक कृत्रिम लेखासोबत चार गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात: तो कोणत्या कंप्रता-पट्ट्यात तपासला, कोणत्या नोंदींवर जुळवला आणि कोणत्या वेगळ्या नोंदींवर तपासला, अवशेषांचा कल व विखुरणी किती निघाली, आणि कोणत्या आवर्तकालाच्या बांधकामांपलीकडे तो वापरायचा नाही.